‘समजलं ना?’ला ‘हो’ म्हणणारा ट्रेनी आणि मायक्रोमीटरवरची अर्धी रेष

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मध्यम कारखान्यातलं इंडक्शन, म्हणजे नव्यांचं पहिल्या दिवशीचं प्रशिक्षण, डोळ्यांसमोर आणा. सोमवारी सकाळी नवी बॅच येते. कॉन्फरन्स रूममध्ये पडद्यावर ऐंशी-नव्वद स्लाइड, सेफ्टीपासून फाइव्ह-एसपर्यंत (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत) सगळं एका दमात. मधे चहा-बिस्किट. शेवटी “समजलं ना?”, “हो सर”, आणि रजिस्टरवर सह्या. गुरुवारी त्यातलाच एक जण हातात जॉब, म्हणजे मशीनवर बनलेला भाग, घेऊन विचारतो, “सर, हा ओके का?” आणि सुपरवायझर वैतागतो, “परवाच सांगितलं होतं ना!”

सांगितलं होतं, आणि सोमवारी त्याला समजलंही होतं. पण सोमवारी समजणं आणि गुरुवारी आठवणं ही मेंदूची दोन निराळी कामं आहेत, आणि आपलं बहुतेक प्रशिक्षण फक्त पहिल्यासाठी बेतलेलं असतं. शिकवायची जबाबदारी ज्यांच्यावर नुकतीच आली आहे, मग तो लाइनवरचा सुपरवायझर असो, आयटीआयचा नवा निदेशक असो की दिंडोरीच्या पॅकहाउसमधली मुकादम बाई, त्यांच्यासाठी ही रीत. खर्च जवळपास शून्य. लागतो तो पंचवीस मिनिटांचा एक तास, त्यानंतर पाच-पाच मिनिटांच्या चार-पाच भेटी, आणि आपलं बोलणं आवरायची सवय. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड.

मेंदूबद्दल कामापुरतं

पहिली गोष्ट जागेची. नवी माहिती आधी एका छोट्या ओट्यावर येते. तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. १९५६ साली जॉर्ज मिलर यांनी तिथे साधारण सात गोष्टी मावतात असं मांडलं, आणि तो सातचा आकडा अजून अनेक ट्रेनिंगवाल्यांच्या तोंडी आहे. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी अनेक प्रयोग पुन्हा तपासून तो आकडा चारच्या आसपास आणला. चार धरून चाला. पाचवी नवी गोष्ट ओट्यावर ठेवली की आधीची एखादी खाली पडते, आणि कोणती पडली हे शिकवणाऱ्याला दिसत नाही. जुन्या ऑपरेटरला हीच अडचण का येत नाही? त्याच्यासाठी ‘झीरो सेट करणं’ ही एकच गोष्ट असते; नवख्यासाठी त्याच शब्दांत सहा गोष्टी असतात.

दुसरी गोष्ट विसरण्याची. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. निरर्थक अक्षरं पाठ करायची, आणि काही काळाने तीच पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो ते मोजायचं. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के बचत उरली होती, एका दिवसाने ३४, सहा दिवसांनी २५, महिन्याने २१. कारखान्यातल्या कामाला अर्थ असतो, त्यामुळे तुमचे ट्रेनी इतक्या वेगाने विसरणार नाहीत. पण उताराचा आकार तोच: सगळ्यात मोठी गळती पहिल्या दिवसात. पहिली उजळणी पुढच्या महिन्याच्या रिफ्रेशरला ठेवली तर तोवर उजळायला फारसं उरलेलं नसतं.

तिसरी गोष्ट हातांची. हेन्री मोलेसन यांच्या फेफऱ्यांवर उपाय म्हणून १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसच्या आसपासचा भाग काढून टाकला गेला. त्यानंतर नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनात. ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला, पण आपण हे कधी केलंय हेच त्यांना आठवत नव्हतं. म्हणजे हाताचं शिकणं आणि सांगण्याजोगं शिकणं यांच्या वाटा वेगळ्या. लाइनवर याचे दोन अर्थ होतात. स्लाइड बघून हात तयार होत नाही. आणि ज्याचा हात पंधरा वर्षांत तयार झालाय, तो आपण नेमकं काय करतो हे सांगू शकेलच असं नाही. “बघ, असं करायचं” याच्यापुढे त्याची गाडी जात नाही, यात त्याचा आडमुठेपणा नसतो.

आता काय टाकून द्यायचं तेही. ‘हा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा’ असे गट पाडून शिकवल्याने फायदा होतो याला २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी घेतलेल्या आढाव्यात भरवशाचा पुरावा सापडला नाही. डावा मेंदू-उजवा मेंदू, आपण मेंदू दहाच टक्के वापरतो, हेही त्याच टोपलीत टाका. या नावांखाली बाहेरून कोणी दोन दिवसांचं वर्कशॉप विकायला आलं तर चहा पाजून निरोप द्यावा.

पायरी १: एकच काम घ्या आणि कागदावर फोडा

‘क्वालिटी शिकवायची’ हे काम नव्हे. ‘मायक्रोमीटरने (मि.मी.च्या शंभराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या हातातल्या मापाने) व्यास मोजून नोंद करायची’ हे काम. हेच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ, कारण ते जवळजवळ प्रत्येक मशीन शॉपमध्ये लागतं आणि त्यातल्या चुका ठरलेल्या आहेत.

कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: काय करायचं, कुठे चुकतं, का. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांसाठी बनवलेल्या प्रशिक्षण कार्यक्रमातून आलेली आहे. नवशिके कामगार झटपट तयार करायची तेव्हा निकड होती. कागद टेबलावर बसून भरू नका. चांगल्या ऑपरेटरशेजारी उभं राहून भरा, आणि त्याच्या प्रत्येक हालचालीला “हे का?” विचारा. तो “सवय आहे” म्हणाला की तिथे थांबा. नवखा बहुतेक तिथेच अडकतो. परवानगी असेल तर मोबाइलवर त्याच्या हातांचं दोन मिनिटांचं शूटिंग करून सावकाश बघा. फ्लोअरवर फोन बंद असेल तर तीनदा नुसतं बघून लिहा.

०–२५ मि.मी.च्या मायक्रोमीटरचा कागद साधारण असा होतो. आधी नावं: जॉब ज्यांच्यामध्ये पकडला जातो ती दोन टोकं म्हणजे स्थिर अँव्हिल आणि सरकणारा स्पिंडल; मिलिमीटरच्या आणि अर्ध्या मिलिमीटरच्या रेषा असलेली स्थिर नळी म्हणजे स्लीव्ह; तिच्यावर फिरणारा, भाग आखलेला दंडगोल म्हणजे थिंबल; आणि टोकाची टिकटिकणारी छोटी मूठ म्हणजे रॅचेट.

जॉबवरचं तेल आणि बर (धातूची बारीक कुसं) पुसायचं आणि अॅन्व्हिल-स्पिंडलची तोंडं स्वच्छ कागदाने पुसायची. इथे चुकतं ते असं की कॉटन वेस्टचा धागा अडकतो आणि रीडिंग वाढतं.

रॅचेट फिरवून टेकवायचं, तीन टिकटिक. चूक: थिंबल धरून आवळणं. कारण: दाब जास्त झाला की माप कमी येतं, आणि प्रत्येकाच्या मुठीचा दाब वेगळा.

स्लीव्हवरचे पूर्ण मिलिमीटर वाचायचे. चूक इथे फारशी होत नाही.

अर्धी रेष उघडी आहे का बघायचं. सगळ्यात जास्त रिजेक्शन इथे जन्माला येतं. थिंबलवर ५० भाग असतात आणि एका फेऱ्यात स्पिंडल ०.५ मि.मी. सरकतो. त्यामुळे १२ नंतरची अर्धी रेष उघडी असून ती धरलीच नाही तर १२.८७ च्या जागी १२.३७ लिहिलं जातं. उलटी चूकही होते, आणि ती जास्त लबाड आहे. माप १२.४८ असतं, थिंबल ४८ वर, म्हणजे फेरा पूर्ण व्हायला दोनच भाग कमी. अशा वेळी अर्धी रेष थिंबलच्या कडेशी डोकावते. नवखा ती धरतो आणि १२.९८ लिहितो. त्यासाठी साधा नियम: थिंबल ४५ च्या पुढे असेल आणि रेष जेमतेम दिसत असेल, तर ती अजून यायची आहे, धरू नको.

शेवटी थिंबलचा आकडा शंभराने भागून मिळवायचा.

थांबा, शून्य तपासणी (मायक्रोमीटर मिटल्यावर शून्यच दाखवतो ना, हे बघणं) कुठे गेली? आणि मशीनवरून उतरलेला गरम जॉब? २५ मि.मी.चा स्टीलचा जॉब ३० अंशांनी गरम असेल तर तो जवळपास ०.०१ मि.मी. मोठा भरतो, म्हणजे थिंबलवरचा अख्खा एक भाग. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्याच आहेत, पण पहिल्या तासाला नकोत. त्या दिवशी शून्य तपासलेला मायक्रोमीटर आणि थंड झालेले जॉब तुम्हीच तयार ठेवा, पुसायचं कामही तुम्हीच करा. मग नवख्याच्या ओट्यावर चारच गोष्टी येतात: रॅचेट, मिलिमीटर, अर्धी रेष, थिंबल. बाकीच्या तिसऱ्या दिवसापासून पुढे. नव्या प्रशिक्षकाला हे फार जड जातं. ‘सगळं सांगून मोकळं व्हावं’ ही ओढ असते, कारण मग जबाबदारी संपते. सुरक्षेच्या गोष्टी मात्र कधीच पुढे ढकलू नका. त्या वाढल्या तर मशीनची गोष्टच त्या दिवशी कमी करा.

भाषेचंही इथेच उरका. नाशिकच्या कारखान्यांत पेठ-सुरगाण्याकडची कोकणा बोलणारी पोरं असतात, उत्तर प्रदेश-बिहारची असतात, आणि एसओपी, म्हणजे कामाची लेखी रीत, मात्र इंग्रजीत टांगलेली. वाचतानाच मनात भाषांतर करायचं म्हणजे चारपैकी दोन जागा तिथेच गेल्या. कागद मराठीत करा, लागला तर हिंदीतही. पण मशीनवर आणि गेजवर जे नाव छापलंय किंवा जे सगळे बोलतात तेच ठेवा. रॅचेटला रॅचेटच म्हणा. शब्दकोशातून काढलेलं नाव दिलं तर त्याला एका वस्तूची दोन नावं शिकावी लागतील.

पायरी २: पहिली पंचवीस मिनिटं

एका वेळी तीन-चार जण, त्याहून जास्त नको. प्रत्येकाच्या हातात मायक्रोमीटर हवा. आठ जणांत एक फिरवला तर सात जण बघे होतात.

सुरुवात सांगण्याने करू नका. एक जॉब आणि मायक्रोमीटर द्या, “किती भरतो, अंदाजाने सांगा,” म्हणा. चुकणारच. दोन-तीन मिनिटं चुकू द्या, हसू नका, दुरुस्त करू नका. आधी डोकं खाजवलं की पुढचं उत्तर नीट पकडलं जातं.

मग पाच मिनिटं करून दाखवा. पहिल्या खेपेला न बोलता, दुसऱ्या खेपेला चार पायऱ्या बोलून, तिसऱ्या खेपेला प्रत्येक पायरीचं ‘का’ सांगून. शिकणाऱ्याच्या बाजूला उभे राहा, समोर नको. समोरून त्याला तुमचे हात आरशातल्यासारखे उलटे दिसतात.

यानंतर लगेच स्वतंत्र सराव द्यायचा मोह होतो. तो टाळा. जॉन स्वेलर आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून दाखवून दिलंय की नवख्याला सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली की तो सुट्या गणितांशी झगडण्यापेक्षा लवकर शिकतो. म्हणून मायक्रोमीटरच्या चार चित्रांचा एक कागद करा. पहिल्या चित्राखाली पूर्ण उत्तर: १२ + ०.५ + ०.३७ = १२.८७. दुसऱ्याखाली शेवटची बेरीज रिकामी. तिसऱ्याखाली थिंबलचा आकडाही रिकामा. चौथ्याखाली काहीच नाही, आणि त्यात मुद्दाम थिंबल ४८ वर व अर्धी रेष डोकावणारी ठेवा. याला पाच-सहा मिनिटं.

मग खरे जॉब. तो मोजेल आणि मोजताना मोठ्याने बोलेल: “तीन टिकटिक... बारा... अर्धी उघडी... सदतीस.” बोलायला लाजतात, पहिल्यांदा तुम्हीच बोलून दाखवा. हा बोलण्याचा भाग गाळू नका, कारण उत्तर बरोबर आणि रीत चूक असं प्रकरण फक्त ऐकूनच कळतं. एखादा १२.८७ बरोबर सांगतो, पण शेजाऱ्याच्या कागदावर बघून.

शेवटची तीन मिनिटं कागद उलटा करून ठेवा. “चार पायऱ्या कोणत्या? अर्धी रेष कधी धरायची नाही?” उत्तर पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सांगा. लिहिता येत नसेल तर हाताने करून दाखवू द्या. “समजलं ना?” हा प्रश्न इथून पुढे बंद. त्याला ‘हो’शिवाय उत्तर नाही, साहेबासमोर ‘नाही’ म्हणण्याची हिंमत पहिल्या आठवड्यात कोणाचीच नसते.

पायरी ३: पाच मिनिटांच्या भेटी

खरं शिकणं इथे होतं, आणि कारखान्यात नेमकी हीच पायरी उडते.

रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र पालटलं: वाचणारे ४२, आठवून लिहिणारे ५६. इंडक्शनच्या दिवशी घेतलेली चाचणी का फसवते याचं उत्तर यात आहे. त्या संध्याकाळी पुन्हा पुन्हा सांगण्याचा उपाय खरंच चांगला दिसतो. माल मात्र पुढच्या आठवड्यात बनायचा असतो.

तेव्हा प्रत्येक भेटीत आधी आठवायला लावा, मग बघू द्या. वेळापत्रक असं ठेवा:

त्याच शिफ्टच्या शेवटी, दोन प्रश्न.
दुसऱ्या दिवशी, शिफ्ट सुरू होतानाच्या छोट्या बैठकीत (टूलबॉक्स टॉक), तीन मापं.
तिसऱ्या दिवशी, तीन मापं आणि शून्य तपासणी ही नवी गोष्ट.
सातव्या दिवशी, पाच मापं, त्यात एक मायक्रोमीटर मुद्दाम शून्य बिघडवलेला.
एकविसाव्या दिवशी पाच मापं, न सांगता.

आकडे दगडावरची रेघ नाहीत. किती अंतर ठेवायचं हे तुम्हाला ते किती दिवस लक्षात राहायला हवंय यावर ठरतं. २००८ मध्ये सेपेडा आणि सहकाऱ्यांना दिसलं की आठवडाभर टिकायला हवं तर त्या काळाच्या वीस-चाळीस टक्के अंतर चांगलं, आणि वर्षभर टिकायला हवं तर पाच-दहा टक्के. महिनाभर टिकायला हवं तर ढोबळमानाने तीन ते सहा दिवस. वर्षातून एकदाच लागणाऱ्या गोष्टीला, आग लागल्यावरच्या कवायतीसारख्या, तीन-पाच आठवड्यांनी उजळणी पुरते.

“एवढ्या भेटींपेक्षा एकच पूर्ण दिवस घेतला तर?” हा प्रश्न प्लांट हेड विचारणारच. बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये छापलेला ब्रिटिश पोस्टातला प्रयोग त्यांना सांगा. पोस्टमनना टायपिंग शिकवायचं होतं. काही जण रोज एक तास शिकले, काही रोज चार तास. रोज एकच तास शिकणाऱ्यांना एकूण तास सगळ्यात कमी लागले. गंमत अशी की प्रशिक्षणावर सर्वांत नाराज तेच होते, कारण कॅलेंडरचे दिवस जास्त गेले आणि आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत राहिलं. तुमचे ट्रेनीही कुरकुर करतील. फीडबॅक फॉर्मवर पूर्ण दिवसाच्या, जेवणासकटच्या ट्रेनिंगला पाचपैकी पाच मिळतील आणि या पाच मिनिटांना तीन.

शिफ्ट बदलते तिथे वेळापत्रक कोलमडतं. माणसाच्या नावाचं छोटं कार्ड करा, पाच चौकटींचं, आणि ते शिफ्ट हँडओव्हरच्या रजिस्टरमध्येच ठेवा. जो सुपरवायझर ड्युटीवर असेल तो भेट घेईल. एचआरच्या फाइलमध्ये ठेवलं तर ते तिथेच राहतं. आणि नवा विषय रात्रपाळीत सुरू करू नका. पहाटे तीनला ओट्यावर चारसुद्धा मावत नाहीत. शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते, आणि पहिल्या रात्रपाळीच्या आठवड्यात सगळ्यात आधी तीच बिघडते. सरावाच्या भेटी रात्री चालतील, नव्या गोष्टी दिवसपाळीत.

प्रश्न कसे असावेत

‘मायक्रोमीटरची लघुतम मापनक्षमता किती?’ हा प्रश्न आयटीआयच्या पेपरात ठीक. लाइनवर असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर म्हणजे एखादी कृती आहे. “ड्रॉइंगवर १२.८० ते १२.९०. तुला १२.३७ आलं. काय करशील?” रिजेक्टच्या लाल ट्रेत टाकीन, असं उत्तर आलं तर अर्धी रेष अजून बसलेली नाही. बरोबर ०.५ चा फरक दिसला की आधी पुन्हा मोजायचं, हे त्याला सुचलं पाहिजे.

चुकलं तर लगेच, तिथल्या तिथे बरोबर उत्तर द्या आणि त्याच्याकडून एकदा करून घ्या. नुसतं “चूक” म्हणून पुढे गेलात तर चुकीचंच उत्तर डोक्यात राहू शकतं. खात्रीने चुकलेला माणूस, तुम्ही दुरुस्त केलंत तर, डळमळीत चुकलेल्यापेक्षा ते जास्त लक्षात ठेवतो, असंही प्रयोगांत दिसलंय. तेव्हा आत्मविश्वासाने चुकणाऱ्यावर डाफरू नका, तो तुमचं काम सोपं करतोय.

या प्रश्नांचे मार्क पगाराला, कन्फर्मेशनला, स्किल मॅट्रिक्सला (कोणाला कोणतं काम येतं याच्या तक्त्याला) जोडू नका. जोडले की पोरं एकमेकांना उत्तरं सांगायला लागतात आणि तुमचं मोजमाप मेलं. चारचौघांत विचारायचं असेल तर सगळ्यांनी आधी लिहायचं, मग बोलायचं. नाहीतर नेहमीचा एक हुशार बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात.

पायरी ४: सराव मिसळून घ्या

आता मशीन शॉपमधून जरा पॅकहाउसमध्ये. निफाड-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की दोन-तीन दिवसांत नव्या बायांना ग्रेडिंग शिकवावं लागतं. ओळखायचे दोष असे: थ्रिप्स या बारीक किडीचे डाग, सनबर्न म्हणजे उन्हाने भाजलेले मणी, मिलीबग किडीचा चिकटा, पिंक बेरी म्हणजे गुलाबी पडलेले मणी. नेहमीची पद्धत अशी: आधी थ्रिप्सचे दहा घड दाखवले, मग सनबर्नचे दहा. बाया पटापट ओळखतात, कारण अकरावा घडही थ्रिप्सचाच असणार हे त्यांना ठाऊक असतं. टेबलावर माल सुरू झाला की सनबर्नला थ्रिप्स म्हणतात.

प्रत्येक दोषाचे दोन-दोन घड नीट दाखवा, आणि तिथून पुढे सगळे मिसळा, चांगले घडही त्यात टाका. प्रत्येक घडाला दोनच प्रश्न: काय आहे, कशावरून? डाग खरवडल्यासारखा आहे की भाजल्यासारखा, घडाच्या उन्हाच्या बाजूलाच आहे की सगळीकडे, हे फरक शेजारी शेजारी ठेवल्यावरच डोळ्यात भरतात. कॉर्नेल आणि ब्यॉर्क यांनी २००८ मध्ये बारा चित्रकारांची चित्रं वापरून हेच तपासलं. मिसळून बघणाऱ्यांनी न पाहिलेली चित्रंही जास्त अचूक ओळखली, आणि तरीही बहुतेकांचं मत पडलं की एकेका चित्रकाराची सलग चित्रं बघूनच आपण चांगलं शिकलो. मिसळल्यावर पहिल्या तासाला चुका वाढतील आणि मुकादम म्हणेल, “काल बरं जमत होतं यांना.” काल जमत नव्हतं, काल उत्तर आधीच माहीत होतं.

मशीन शॉपमध्ये याचाच अर्थ: एकाच मापाचे वीस जॉब मोजायला देऊ नका. सहा वेगळे व्यास, त्यातले दोन अर्ध्या रेषेच्या काठावरचे. सोबत व्हर्निअरचंही एक माप टाका; कोणतं माप कशाने घ्यायचं हे ठरवणं हाही कामाचाच भाग आहे.

कुठे बिघडतं

जुन्या माणसाला नव्यासारखं शिकवलं की बिघडतं. सोडवलेली उदाहरणं, पायरीपायरीचा कागद, हे नवख्याला आधार देतात. जाणत्याला तेच अडथळा होतात, कारण डोक्यात बसलेल्या गोष्टीशी समोरचा कागद पुन्हा पुन्हा ताडून बघावा लागतो. त्याला सरळ अवघड प्रश्न द्या, अडला तरच कागद. दुसऱ्या कंपनीतून आलेल्या अनुभवी ऑपरेटरला इंडक्शनच्या मागच्या बाकावर झोप का येते, हे यावरून समजावं.

बडीसोबत, म्हणजे जोडीला दिलेल्या जुन्या कामगारासोबत, लावून दिलं की बिघडतं, जर बडीला टार्गेट तेवढंच ठेवलं तर. मग तो ट्रेनीला फक्त ट्रे उचलायला लावतो. पहिले पाच दिवस बडीचं टार्गेट थोडं कमी करा आणि ते लेखी द्या.

पीपीटीवर लिहिलेलंच वाचून दाखवलं तरी बिघडतं. ऐकणं आणि वाचणं दोन्ही शब्दांनाच जागा मागतात. पडद्यावर मायक्रोमीटरचं मोठं चित्र, तोंडाने शब्द. स्लाइड नऊच झाल्या तरी कोणी विचारत नाही.

कॉलेज रोडच्या क्लासमधल्या किंवा शाळेतल्या शिक्षकांसाठी फरक थोडाच आहे. चाळीस मिनिटांच्या तासात पहिली पाच मिनिटं कालचे दोन आणि मागच्या आठवड्यातला एक प्रश्न, वह्या बंद. हजेरी घेताना हे चालतं, वेळ वेगळा काढावा लागत नाही. ‘महत्त्वाचं आहे, अधोरेखित करा’ सांगण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात हे होतं, आणि अधोरेखित करण्याचा उपयोग फारच थोडा आहे.

तिसाव्या दिवशी

न सांगता, कामाच्या जागेवर, पाच जॉब. मापं तुम्ही किंवा क्यूसीने (गुणवत्ता तपासणी विभागाने) आधी घेऊन ठेवलेली. एक गरम, एक काठावरचा, आणि मायक्रोमीटरला ०.०२ ची शून्य चूक. ओके-नॉट ओके सांगायचं आणि आकडा लिहायचा. पाचपैकी पाच आले तर कार्ड बंद. चार आले तर चुकलेल्या गोष्टीवर एक भेट आणि आठवड्याने पुन्हा.

पाच जणांच्या बॅचमध्ये तिघे एकाच जागी चुकले तर पोरांना बोलावू नका, कागद काढा. तिसऱ्या रकान्यात ‘का’ लिहिलंय का ते बघा. बहुधा तिथे नुसतं ‘काळजीपूर्वक वाचणे’ असं काहीतरी सापडतं. ते खोडून चूक जशी घडते तशी लिहा, चित्र बदला, पुढच्या बॅचला नवा कागद द्या. जुना फेकू नका. तारीख टाकून फाइलला लावून ठेवा, म्हणजे ऑडिटरने ट्रेनिंगमध्ये काय सुधारणा केली असं विचारलं तर सह्यांच्या रजिस्टरऐवजी ते दोन कागद समोर ठेवता येतात.